गुरुवारचा खाडा

दिवाळी सरली तशी महामाया ट्रॉलीत बसेनाशी झाली. सकाळी शेतमालक वामनरावांचा ट्रॅक्टर वस्तीपाशी येऊन उभा राहिला की बाकीच्या बाया ट्रॉलीत चढत, कापूस वेचायच्या ओट्या आणि जेवणाचे डबे मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसत. महामाया मात्र पुढं जाई आणि मडगार्डवर, नवऱ्याच्या डाव्या हाताशी, अंग चोरून बसे. ट्रॅक्टर इंद्रभान चालवायचा. त्याच्याशेजारी ती अशी रोज बसू लागली तेव्हा बायांना थट्टेला विषय मिळाला. नातवंडं झाली तरी हिला नवरा नजरेआड होऊ द्यायचा नाही, असं गोजरबाई म्हणायची आणि अख्खी ट्रॉली हसायची. महामायाही मागं वळून हसायची. पण तिचं ध्यान हसण्यात नसे आणि रस्त्यावरही नसे. ती इंद्रभानचे ओठ पाहत असे.

ओठांपासून सुरू व्हायचं ते. पहिल्यांदा झालं दसऱ्याच्या आसपास, जेवताना. भाकरीचा घास तोंडाकडं नेता नेता त्याचा हात मधेच थांबला. डोळे उघडे, नजर भिंतीवर, आणि तोंडात काही नसताना ओठ चघळल्यासारखे हलत होते. तिनं हाक मारली, खांदा हलवला. थोड्या वेळानं त्यानं तो घास तोंडात घातला आणि ठेचा वाढ म्हणाला, जणू मधे काही झालंच नव्हतं. थकवा असेल म्हणून तिनं सोडून दिलं. मग एकदा आंघोळीच्या दगडावर तसंच झालं. आणि मग पाटाच्या पुलावर.

त्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला होता म्हणून ती पुढं बसली होती, एवढंच. पूल अरुंद, एका बाजूचा कठडा कधीचा पडलेला, खाली पाट भरून वाहत होता. पूल अर्धा पार झाला आणि ट्रॅक्टर हळूहळू कठडा नसलेल्या बाजूला सरकू लागला. तिनं पाहिलं तर इंद्रभानचे ओठ हलत होते. तिनं दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून आपल्याकडं ओढलं. ट्रॉलीचं चाक दगडाला घासून गेलं, मागं बायांची किंकाळी उठली. पूल ओलांडल्यावर इंद्रभान भानावर आला आणि तिच्यावरच खेकसला, स्टेरिंगले कायले हात लावला म्हणून. बायांनी विचारलं तेव्हा महामाया म्हणाली, कुत्रं आडवं आलं होतं.

काळोखात वाट चुकल्यासारखी ती त्या दिवशी कापूस वेचत राहिली. बोंडातला कापूस ओढताना बोटांना त्याच्या वाळक्या नख्या टोचत होत्या, त्याही कळत नव्हत्या.

दवाखान्याला जायचं तर खाडा पडणार, आणि वेचणीच्या दिवसांत ड्रायव्हरचा खाडा म्हणजे ट्रॅक्टर उभा, ट्रॅक्टर उभा म्हणजे बाया दुसऱ्याच्या शेतात. नशिबानं एक दिवस ट्रॅक्टरचाच पंप बिघडला, मिस्त्रीकडं न्यावा लागला, आणि तेवढ्यात दोघं एसटीनं मेहकरला जाऊन आले. डॉक्टर म्हातारे, शांत होते. त्यांनी काम काय करता विचारलं तर इंद्रभान म्हणाला, शेतमजुरी. महामायानं खाली मान घालूनच सांगितलं की ते ट्रॅक्टर चालवतात. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. हा फिटचाच एक प्रकार आहे, ते म्हणाले. मेंदूचा फोटो काढावा लागेल, मेंदूचे डॉक्टर बुलढाण्याला दर गुरुवारी येतात, त्यांना दाखवावं लागेल. गुरुवारपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या दिल्या. आणि तोवर गाडीच्या, विहिरीच्या, चुलीच्या जवळ जायचं नाही, असं दोनदा बजावलं.

परत येताना एसटीत इंद्रभान खिडकीबाहेर पाहत होता. तसाच बाहेर पाहत म्हणाला, "कोणाले सांगू नको. पोरीले बी नाई."

पोरगी म्हणजे मयुरी, देऊळगाव राजाला दिलेली.

"डॉक्टर काय म्हणले ते आयकलं ना तुमी?"

"आयकलं. माह्या बापानं जिंदगीभर दुसऱ्याच्या बैलाच्या शेपट्या पिरगाळल्या. वस्तीतून स्टेरिंगवर बसला तो मी पह्यला. फिटवाल्याच्या हाती कोणी कासरा देत नाई, महामाया. ट्रॅक्टर कोण देईन?"

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या गुरुवारची सुट्टी मागायला तो स्वतः गेला. वामनरावांच्या अंगणात चपला काढून उभा राहिला आणि कंबर दुखते म्हणाला. वामनराव वाईट माणूस नव्हता. वादळात यांच्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा न मागता पत्रे त्यानंच पाठवले होते. त्यानं इंद्रभानला पाणी दिलं, चहा दिला, आणि आभाळाकडं बोट दाखवलं. कापूस फुटून लोंबतोय, अवकाळी आली तर सगळा काळा पडेल, कंबरेला बाम लाव, पुढच्या गुरुवारी जा. इंद्रभान घरी आला आणि अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. गोळ्या त्याच आठवड्यात संपल्या.

पुढच्या गुरुवारी वामनरावांच्या घरचे सगळे गाडी करून शेगावला दर्शनाला गेले. मालक घरी नाही आणि ड्रायव्हरही नाही, असं कसं चालेल? दुसऱ्या दिवशी वामनरावांची बायको मनकर्णाबाई शेतात आली. तिनं बायांना प्रसादाचा पेढा वाटला. महामायाच्या हातावर ठेवताना तिनं मायेनं विचारलं, इंद्रभानची कंबर कशी आहे? महामायानं पेढा कपाळाला लावला आणि बरी आहे म्हणाली.

बरं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी कापूस मोजायच्या वेळी इंद्रभान काट्याचा आकडा हातात धरून उभा राहिला तो उभाच. ओठ हलत होते. वजन वाचतोय असं वाटून बाया थांबून राहिल्या. एकटी गोजरबाई त्याच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहत होती. महामायानं गाठोडं मुद्दाम त्याच्या पायावर टाकलं. तो दचकला, आणि वजन पुन्हा पहिल्यापासून पाहू लागला.

त्या दिवशी तिनं ठरवलं. दुसऱ्या सकाळी ती एकटीच वामनरावांच्या घरी गेली. वामनराव ओसरीवर बसून फोनवर हवामान पाहत होता. ती पायरीशी उभी राहिली.

"भाऊ, येत्या गुरुवारी त्याईले सोडा लागीन."

"कंबर अजून दुखूनच राह्यली का त्याची?"

"कंबर नाई भाऊ. डोक्याचं हाय." एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. "बसल्या बसल्या थांबतात ते. डोये उघडे असतात, पण मानूस तठी नसते. मेहकरच्या डॉक्टरनं सांगतलं, फोटो काढा, अन् ट्रॅक्टरले हात लावू नका."

वामनरावानं फोन उलटा करून बाजेवर ठेवला. घरातून फोडणीचा वास येत होता. तो बोलला ते तिला अपेक्षित नव्हतं.

"बायाईले सांगतलं का हे?"

"नाई."

"मंग सांगू बी नको."

मग त्यानं तिला समजावून सांगितलं, अगदी हलक्या आवाजात, घरातल्या माणसाला सांगावं तसं. हे एकदा गावात फुटलं की इंद्रभानच्या ट्रॉलीत कोणी बसणार नाही, फक्त इथंच नाही, पंचक्रोशीत कुठंच. वेचणी थोडी राहिली आहे. वेळेवर दुसरा ड्रायव्हर कुठून आणायचा? गुरुवारी तो स्वतःच्या गाडीनं दोघांना बुलढाण्याला पाठवेल, तोवर इंद्रभाननं दमानं चालवावं, आणि तू शेजारी बसतेसच ना, तशीच बसत जा.

म्हणजे त्यानं तिला मडगार्डवर बसलेलं पाहिलं होतं.

तिनं मान डोलावली, हाव म्हणाली. फाटकाबाहेर आल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. मालकानं गुरुवार दिला होता, वर गाडी देऊ केली होती. पण डोक्यावरचं ओझं कोणाच्या मदतीनं उतरवायला जावं आणि त्यानं दुसरं गाठोडं वर ठेवून पाठवावं, तसं तिला झालं. कालपर्यंत ती नवऱ्याचं लपवत होती. आता मालकाचंही लपवत होती.

बुधवारी संध्याकाळी कापूस भरून ट्रॅक्टर परत आला तेव्हा इंद्रभान तिच्याकडं न पाहता म्हणाला की उद्या जायचं नाही. शुक्रवारी पाऊस सांगितला आहे, उद्या काहीही करून शेत वेचून झालं पाहिजे. पुढचा गुरुवार पक्का, असं भाऊ म्हणाले. महामायानं विचारलं, तुम्ही काय म्हणालात? तो हातपाय धुवत होता. हाव म्हणालो, तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होतो?

गुरुवारी सकाळी आभाळ राखेसारखं झालं होतं आणि वारा अजिबात नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. पावसाआधी वेचून व्हावं म्हणून बाया लवकर आल्या होत्या. कोणी थट्टा करत नव्हतं, सगळ्यांना घाई होती. गोजरबाईनं आज सुनेलाही आणलं होतं. प्रतीक्षा अजून ओली बाळंतीणच म्हणायची, पण वामनरावानं जादा हात मागितले होते, म्हणून ती लेकराला घेऊनच आली. आधी ती ट्रॉलीत चढली, मग गोजरबाईनं खालून लेकरू तिच्या हातात दिलं. टोपड्यातून नुसतं नाक दिसत होतं.

महामायाचा एक पाय मडगार्डकडं चढायच्या लोखंडावर होता. तिनं तो खाली घेतला.

इंजिन चालू होतं, तरी तिला ओरडावं लागलं नाही. ती ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापाशी जाऊन म्हणाली, "उतरा व बायाहो. याईले फिट येते. दसऱ्यापासून येऊन राह्यली. त्या दिवशी पुलावर कुत्रं आडवं आलं नोतं."

आधी कोणी हललंच नाही. मग प्रतीक्षानं लेकरू छातीशी घट्ट धरलं, आणि ते पाहून बाकीच्या उठल्या. एकेक करून बाया खाली उतरल्या, डबे खणखणले. इंद्रभान सीटवर मागं वळून पाहत होता. ही बयताड झाली, तिच्याकडं लक्ष देऊ नका, असं तो म्हणाला. बाया त्याच्याकडं पाहत नव्हत्या. त्या महामायाकडं पाहत होत्या.

गोजरबाई अगदी जवळ आली. "दसऱ्यापासून?"

"हाव."

"अन् रोज आमाले बसवलं."

"हाव."

"मले वाटे, नवऱ्यावर जीव हाय म्हून पुढं बसते." गोजरबाईचा आवाज चढला नाही. "मी हासत होती, अन् तू बी वळून हासत होती. मरण मांगं बसवून हासत होती तू, महामाया."

महामायानं नजर खाली घेतली नाही.

तेवढ्यात इंद्रभानचा फोन वाजला. वामनराव असावा, बाया अजून का पोचल्या नाहीत विचारत असावा. इंद्रभान म्हणाला, "हाव भाऊ. निंघालो." फोन खिशात घालून त्यानं गिअर टाकला. महामाया धावली आणि तिनं मडगार्ड धरलं. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"तू बस घरी. सांगून झालं ना सगळं?"

रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त आवाज करते. खड्ड्याखड्ड्यांत आदळत, साखळ्या वाजवत ती गेली, आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाल्यावरही आवाज येत राहिला.

बाया पायीच निघाल्या. काम तर करायचंच होतं. त्या घोळक्यानं चालत होत्या आणि महामाया पुढं एकटी, जवळजवळ पळत. मागून कोणी तिला हाक मारली नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटून पांढरा झाला होता, त्यावर ते राखेचं आभाळ टेकलं होतं. ट्रॉलीचा आवाज दुरून येत होता तोवर ती ठीक होती. मग एकदम, मधेच तोडल्यासारखा, तो थांबला.

पुलाशी पोचली तेव्हा तिला आधी ट्रॉलीच दिसली. पाटात उलटी पडली होती, चाकं वर. ट्रॅक्टर नाकावर काठाच्या चिखलात रुतला होता आणि स्टेरिंगखाली इंद्रभान, छातीपर्यंत पाण्यात, मान एका बाजूला पडलेली. ती पाण्यात उतरली. पाणी गार होतं आणि ओढ होती. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं, नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून. श्वास चालू होता. पाय कुठंतरी लोखंडात अडकला होता, ती ओढत होती पण तो येत नव्हता.

काठावर बाया येऊन थांबल्या. त्या इंद्रभानकडं पाहत नव्हत्या. सगळ्यांची नजर त्या उलट्या ट्रॉलीवर होती, जिथं त्यांच्या बसायच्या जागेवरून पाणी वाहत होतं. प्रतीक्षानं टोपडं मागं सारून लेकराचं तोंड पाहिलं.

मग गोजरबाईनं कासोटा मारला आणि पाण्यात उतरली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. कोणी काठाची फांदी तोडून अडकलेल्या पायाखाली घातली, कोणी सीट उचलून धरली. महामाया नुसतं डोकं धरून होती. बाकी सगळं त्या बायांनी केलं. पाय सुटला तेव्हा गुडघ्याखाली तो पायासारखा दिसत नव्हता.

कोणीतरी फोन केला तसा वामनराव गाडी घेऊन आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. इंद्रभानला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं महामायाच्या मांडीवर, पाय गोजरबाईच्या. येऊ का म्हणून गोजरबाईनं विचारलं नाही, ती बसली. वामनरावानंच गाडी चालवली. बुलढाण्याचा घाट लागला तेव्हा तो मागं न वळता, समोर पाहत म्हणाला,

"महामाया, पोलीस इचारतीन. आज त्याची सुट्टी होती म्हना. दवाखान्यासाठी म्या देली होती. तरी बी त्यानं ट्रॅक्टर काहाडला, मले न सांगता. दवाखान्याचं सगळं मी पाह्यतो. पोरीच्या घरी बी काही कमी पडू देणार नाई."

महामायानं आरशात पाहिलं. त्यात त्याचे डोळे दिसत होते, ते रस्त्यावर होते. गोजरबाईनं इंद्रभानचा पाय जरा सारखा केला.

मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलेला मेंदूचा फोटो त्या दिवशी निघाला. डोक्याला मार आहे का पाहण्यासाठी आत घेतल्या घेतल्याच काढला, कोणाची परवानगी लागली नाही, तारीख लागली नाही. गुरुवारच होता, मेंदूचे डॉक्टर आलेच होते. दुपारी त्यांनी महामायाला बोलावून काचेवर तो फोटो लावून दाखवला. मार फार नव्हता. पण आत एक लहानशी गाठ होती, हरभऱ्याएवढी. फिट तिच्यामुळंच येत होत्या. घाबरू नका, ते म्हणाले, ही गोळ्यांनी विरघळते, ऑपरेशनही लागत नाही. आधी आला असता तर, असं काहीतरी ते पुढं म्हणणार होते, पण तिच्या तोंडाकडं पाहून थांबले. पायाचं मात्र वेगळं होतं. पाय वाचणार नव्हता, कापावा लागणार होता. त्यासाठी तिचा अंगठा घेतला.

ती बाहेर येऊन भिंतीला टेकून खाली बसली. लुगडं अंगावरच अर्धं वाळलं होतं, निऱ्यांत पाटाचा चिखल कडक झाला होता. शेजारी गोजरबाई बसली होती. तिनं कुठून तरी चहा आणला होता, तो महामायापुढं सरकवला, पण घे म्हणाली नाही.

हवालदार आला तो वामनरावांशी बोलूनच. वामनराव व्हरांड्याच्या टोकाला खांबाशी उभा होता आणि भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत होता. हवालदार तरुण होता, सभ्यपणे वाकून बोलला. जबाब लागेल म्हणाला, जास्त वेळ लागणार नाही. मालक सांगतात की आज यांना सुट्टी दिली होती, तरी यांनी आपल्या मनानं ट्रॅक्टर नेला. तेवढंच सांगायचं आहे, खरं ना?

महामायानं खांबाकडं पाहिलं. हाव म्हटलं की दवाखाना होईल, पत्र्यासारखाच आणखी कशाकशाचा आधार होईल. नाही म्हटलं की ते एका शब्दात होणार नव्हतं. पुलावरचं कुत्रं सांगावं लागणार होतं, कपाळाला लावलेला पेढा सांगावा लागणार होता, आणि ती ओसरीच्या पायरीवरून हाव म्हणून परत आली होती तेही. आत इंद्रभान शुद्धीवर येईल तेव्हा त्याला एक पाय नसेल, आणि बायकोनं पुन्हा सगळं सांगून टाकलं हे कळेल.

शेजारी गोजरबाई हलली नाही. ती पोलिसाकडं पाहत नव्हती, महामायाकडंच पाहत होती, सकाळी पाहत होती तशी.

"सुट्टी नोती साहेब," महामाया म्हणाली. "सुट्टी मी मांगाले गेल्ती, ती देली अन् काल वापस घेतली. थोडक्यात नाई होणार हे. मले दसऱ्यापासून सांगा लागीन, अन् त्यात माह्यं बी सांगा लागीन."

व्हरांड्याच्या टोकाला वामनराव पाटीपासून वळला. हवालदारानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा हिच्याकडं, आणि मग बाकडं ओढून घेऊन तो तिच्यासमोर बसला.